सावरण्याचा अवधी

वूच या शब्दाचा अर्थ होडी.
शहरात नदी मात्र दिसत नाही.
होती एक, वूद्का, म्हणजे धाकटी होडी;
तिला नळात घालून वर रस्ते बांधले.
अजून ती ट्रॅमखालून जाते, अंधारात, कुणाला न सांगता,
आणि गिरण्यांच्या दिवसांत गावाबाहेर निघायची
ती सोमवारी निळी, बुधवारी किरमिजी.

गेनोवेफानं एकतीस वर्षं पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली,
आणि मागाच्या पलीकडून टेबलक्लॉथवर मोर.
"मोर मी कधी काढला नाही," ती सांगते,
"मी आपली भोकं पाडत होते."

आता स्वयंपाकघरात, बीटच्या पातेल्याशेजारी,
वरच्या मजल्यावरच्या त्सेझारीनं
बर्गेनला जाताना मागे ठेवलेला संगणक.
पडद्यावर चौकटींचं माळरान. नियम इनमिन दोन:
दोन किंवा तीन शेजारी जिवंत, तर तू जग.
रिकाम्या घराभोवती नेमके तीन, तर तिथे जन्म.
बाकी सगळं मरण,
एकटेपणाचं नाहीतर गर्दीचं.

पाच ठिपक्यांचं एक पाखरू तिथे तिरकं चालतं,
चार पिढ्यांत एक घर.
खरं तर कुणीच चालत नाही.
जुने ठिपके मरतात, नवे उगवतात,
चाल तेवढी पुढे जाते.

तिला हवं होतं ते एवढंच:
पाखरानं यावं, तिनं मांडलेल्या दगडांवर आदळावं,
फुटावं, उकळावं,
आणि पलीकडून भलतंच काही निघावं,
जडसं, सरळ रेषेत जाणारं.
आणि दगड (इथेच सगळी गोम)
होते तिथे, होते तसे.
नाहीतर ते यंत्र नव्हे, अपघात.

नऊ हिवाळे. चौकटीची वही.
"ठोकळा एक घर डावीकडे. सगळं विस्कटलं."
"गळ वर सरकवला. निघालं, पण गळच गेला."
"३ फेब्रुवारी. काही नाही. बीट करपले."

मग मार्चमधल्या एका पहाटे,
ट्रॅमच्या तारांवर बर्फ साचलेला असताना,
ते आलं, आदळलं.
वणवा पेटला तसा पसरला, आक्रसला,
उडालेली एक ठिणगी गळानं गिळली, पुन्हा आकडा होऊन बसला.
चार ठिपक्यांचा ठोकळा विरला.
गेला, असं ती मोठ्यानं म्हणाली.
जुळला. तिथेच. चारही.
आणि उजव्या कडेनं निघालं ते,
जड, सरळ, जणू पहिल्यापासून तसंच होतं.
तिनं पातेल्यावर डाव आपटला.
खालून स्ताहुर्स्कीनं छताला काठी ठोकली.
तोही एक संदेशच.

तेवढ्यावर थांबली असती तर.
पण तिनं दुसरं पाखरू सोडलं, पहिल्याच्या मागोमाग.
दगड अजून दगड झाले नव्हते.
काही क्षणांत माळावर नुसती राख, लुकलुकणारी.

दुपारपर्यंत तिनं अंतर मोजलं.
एकशे अठ्ठ्याण्णव पिढ्या थांबावं लागतं.
एकशे सत्त्याण्णव चालत नाहीत.

आकडा लिहिताना पेन अडलं.
एक्क्याण्णव साली सोमवारी गिरणीला कुलूप लागलं
आणि गुरुवारी इस्पितळातून फोन आला,
लुदमिवाचा नव्हे, लुदमिवाबद्दलचा.
बायका म्हणाल्या, सख्खी बहीण, आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही.
ती खिडकीशी उभी होती,
न भोसकलेला एक पुठ्ठा हातात घेऊन,
उलट करत, सुलट करत.
त्या बायकांपैकी आता दोघीच उरल्यात.
त्यांना जाऊन काय सांगायचं,
सोमवार ते गुरुवार किती पिढ्या होतात?

ती आकड्याखाली रेघ मारते. मग आणखी एक.
चहा गार झालाय, तसाच पिते.
त्सेझारीला फाइल पाठवते, सोबत एक ओळ:
चालतं. दुसरं सोडण्याआधी मोज.